उशिराचा धंदा

काही प्रकरणांचा कोर्टात निकाल लागतो, फाईल बंद होते, तरी ती मनातून जात नाहीत. तलासरीच्या हायवेवरच्या तेल-डेपोचे प्रकरण माझ्यासाठी तसे आहे. निवृत्त होऊन घरी बसलो, तरी एखादा टँकर समोरून गेला की ते सगळे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते.

त्यातली माणसे अजून त्याच भागात राहतात. काही तर त्याच कामावर आहेत. म्हणून कोणाचे नाव लिहीत नाही, कंपनीचेही नाही. घडले ते मात्र घडले तसे सांगतो.

मी तेव्हा तलासरी तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. आमची हद्द म्हणजे अर्धा हायवे आणि अर्धे पाडे. सकाळची हजेरी झाली की एकीकडे अपघाताचे पंचनामे सुरू व्हायचे आणि दुसरीकडे बांधावरून डोकी फोडून आलेले भाऊबंद बाकावर बसलेले असायचे. मराठी, गुजराती, वारली, हिंदी अशा चार भाषा एकाच वेळी कानावर पडत. नव्या शिपायाला मी सांगत असे, आधी ऐकायला शीक, लिहायला नंतर.

हायवेला लागून एक खासगी तेल-डेपो होता. कारखान्यांच्या बॉयलरला लागणारे तेल तिथल्या मोठ्या टाक्यांत साठवत आणि टँकर भरून वापी, सिल्वासा, बोईसरकडे पाठवत. टँकर भरला, काट्यावर वजन झाले, झाकणांना सील लागले, तरी तो लगेच निघू शकत नाही. बीजक, ई-वे बिल, वजनाची पावती आणि गेटपास ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय चाक हलत नाही. हे सगळे कागद एका खिडकीतून मिळत. त्या खिडकीवर डहाणूची एक मुलगी बसत असे. वय पंचविशीच्या आसपास, कॉमर्स शिकलेली, मच्छीमाराच्या घरातली. ड्रायव्हर तिला ‘पेपरवाली ताई’ म्हणत. मीही इथे ताईच म्हणतो.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. पलीकडे पुरुषाचा आवाज होता, मुद्दाम जाड केलेला.

“साहेब, तेल-डेपोतली पेपरवाली बाई टँकरची कोरी सीलं बाहेर विकते. आत्ता जा. तिच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माल आहे.”

“आपण कोण बोलताय?”

“नाव कशाला पाहिजे? चोर पकडा ना,” असे म्हणून त्याने फोन ठेवला.

सील दिसायला क्षुल्लक वस्तू. पण ते एकदा लावले की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि तोडले की पुन्हा लागत नाही. म्हणून कोरे सील चोराच्या हातात पडणे धोक्याचे. वाटेत टँकर उघडायचा, तेल काढून घ्यायचे, नवे सील लावायचे, की बाहेरून सगळे ठीक. माल कमी पोहोचल्याच्या तक्रारी या डेपोबद्दल पूर्वी आलेल्या होत्या. त्यामुळे खबर तपासणे भाग होते. मी दोन पंच बोलावले, एक महिला हवालदार आणि एक शिपाई बरोबर घेतला आणि निघालो.

आम्ही पोहोचलो तेव्हा ताई खिडकीवर होती. तिच्यामागे डेपोचा सुपरवायझर उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. गेट, काटा आणि सील हे सगळे त्याच्या ताब्यात. आम्ही आल्याचे कारण सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. “काय बोलता साहेब! आमच्याकडे असं?”

शिपायाने टेबलाचा खालचा कप्पा ओढला. तो हलेना. त्याने पाय टेकवून जोर लावला, तरी हलेना.

ताई म्हणाली, “तो उघडतच नाही. मी आले तेव्हापासून जाम आहे. मी वरचे दोनच वापरते.”

“जरा सरका,” म्हणत सुपरवायझर पुढे झाला. खाली वाकला, कप्पा किंचित वर उचलला आणि ओढला. कप्पा लोण्यातून सुरी फिरावी तसा बाहेर आला. आत प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कोरी सीले.

 ताई पिशवीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे वळली. “ही माझी नाहीत साहेब.” इतकेच म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. नोकरीत मी ढसाढसा रडणारे अट्टल चोर पाहिले आहेत आणि दगडासारखी उभी राहिलेली निर्दोष माणसेही. रडण्यावरून काही ठरवू नये. पण पुढे ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. खिडकीबाहेर एक ड्रायव्हर हात पुढे करून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि मला विचारले, “माझी चौकशी करा, काही म्हणणं नाही. पण याची गाडी भरून उभी आहे. याचा गेटपास तेवढा देऊ का?”

तोवर डेपोचे मॅनेजर तिथे आले होते, त्यांनी नको म्हटले. हे गृहस्थ नुकतेच बदलून आले होते, त्यांना स्वतःचीच धास्ती होती. पंचनामा झाला, सीले जप्त झाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नका, असे मॅनेजरने ताईला सांगितले. तिने डबा पिशवीत भरला, ओढणी सारखी केली आणि ड्रायव्हरांच्या रांगेसमोरून मान ताठ ठेवून चालत गेली. रांगेत कोणी बोलले नाही.

तिला मी अटक केली नाही. परत येताना महिला हवालदार जीपमध्ये म्हणाल्या, “साहेब, मुद्देमाल तर मिळाला.”

मी म्हटले, “मिळाला खरा. पण इतका आयता मिळालेला मुद्देमाल मला पचत नाही.”

खबर देणाऱ्याला साधारण जागा माहीत असते. इथे कप्पासुद्धा माहीत होता. आणि जो कप्पा आमच्या धडधाकट शिपायाला उघडला नाही, तो सुपरवायझरला एका हाताने उघडला. हा काही पुरावा नव्हता. जुन्या माणसाला जुने टेबल माहीत असते. पण मनात एक खुंटी ठोकली गेली.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. महिला हवालदारांना घेऊन मी डहाणूला किनाऱ्यावरच्या तिच्या वस्तीत गेलो. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. तिचे वडील बोटीवर होते. आई ओट्यावर सुके मासे निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही.

“या साहेब,” ती म्हणाली. “बाजारात माझ्या टोपलीजवळ गिऱ्हाईक कमी आणि विचारणारेच जास्त येतात आता. पोरगी चोर निघाली का, म्हणून. माझी पोरगी चोर असेल तर मीच तिला ठाण्यात आणून सोडीन. पण नसेल, तर हे सगळ्या बाजाराला कोण सांगणार? तुम्ही येणार सांगायला?”

मी म्हटले, “मावशी, नसेल तर मी येईन.”

शब्द तोंडातून गेला. अधिकाऱ्याने तपासाच्या मध्यावर असे शब्द देऊ नयेत. पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवून दुसरे काही बोलता आले नसते.

ताई घरातून बाहेर येऊन आईशेजारी बसली. तिला मी आरोपांबद्दल काही विचारले नाही. म्हटले, “तुमचं काम मला समजावून सांगा. टँकर आत येतो तिथपासून.”

तिने सांगितले. ती येण्याआधी टँकर भरल्यावर कागदाचे काम सुरू व्हायचे. तोवर भरलेली गाडी डेपोच्या फाटकाबाहेर, शेजारच्या एका यार्डात उभी राहायची. यार्ड एका शेठचे. तिथे चहाची टपरी, खाटा, पंक्चरवाला. सकाळी भरलेली गाडी संध्याकाळी सुटायची. सील नंबरसुद्धा निघताना, अगदी शेवटी कागदावर चढायचा.

“मग तुम्ही काय बदललं?”

“काही विशेष नाही. गाडी रांगेत असतानाच ड्रायव्हरचे लायसन, गाडीचे कागद बघून घ्यायचे. बीजक आधीच तयार ठेवायचं. काट्यावरून वजन आलं की वजन आणि सील नंबर भरायचा, बस. गाडी काट्यावरून फिरून फाटकाशी येते तोवर पेपर हातात.”

“म्हणजे भरलेली गाडी यार्डात जातच नाही?”

“कशाला जाईल?”

मी तिला विचारले, या बदलाबद्दल कोणी नाराजी दाखवली का. तिने आठवून सांगितले. यार्डवाला शेठ एकदा खिडकीशी येऊन हसत म्हणाला होता, “बेन, एटली उतावळ शेनी? एवढी घाई कसली? ड्रायव्हर लोकांना जरा आराम करू द्या.” तिला ती चेष्टा वाटली. नंतर सुपरवायझरनेही सांगितले की घाईत चुका होतात, सावकाश करत जा. तिने त्याला उत्तर दिले होते, “चूक दाखवा, मग सावकाश करते.” चूक त्याला दाखवता आली नव्हती.

“आणि एकदा माझ्या स्कूटीची दोन्ही चाकं फाडलेली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, पोरांचा वात्रटपणा.”

आई निवडता निवडता थांबली. “हे मला नाही सांगितलंस.”

“सांगितलं असतं तर नोकरी सोडायला लावली असतीस.”

आई पुन्हा मासे निवडू लागली. ते खरे असावे.

पुढच्या काही दिवसांत एक गोष्ट आपोआप घडली. ताई कामावर नव्हती. खिडकीवर तात्पुरता सुपरवायझर बसू लागला. मी गस्तीला निघालो की डेपोवरून जाई. यार्ड पुन्हा टँकरांनी भरले होते. आत जागा नाही म्हणून गाड्या सर्व्हिस रोडवर उभ्या. ड्रायव्हर खाटांवर आडवे, टपरीवर गर्दी, शेठ खुर्ची टाकून बसलेला. एका मुलीला घरी बसवल्याने कोणाचा बसलेला धंदा पुन्हा उभा राहिला, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसत होते. चोरीत पहिला प्रश्न असतो, फायदा कोणाला. त्याचे उत्तर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते.

मी सहज थांबलो. शेठ धावत आला. “आवो साहेब, चाय पियो. आपणो तो सीधो धंधो छे. गाड्या उभ्या राहतात, पार्किंग घेतो, बस.”

आणखी एक गोष्ट मॅनेजरने माझ्या विचारण्यावरून सांगितली. माल कमी पोहोचल्याच्या तक्रारी ताई आल्यापासून थांबल्या होत्या. सीले विकणारी बाई खिडकीवर बसते आणि चोरी बंद होते, हे कसे? मॅनेजर हुशार माणूस होता. त्याच्याही लक्षात आले आणि तो घाम पुसू लागला.

पण कोर्टाला तर्क चालत नाही, साक्षीदार लागतो. ड्रायव्हरांशी बोलायचा प्रयत्न केला. पोलिसाला पाहिले की ड्रायव्हर कागद पुढे करतो, तोंड उघडत नाही. एकालाही यार्डात काय चालते हे ठाऊक नव्हते. प्रत्येक जण तिथे फक्त झोपत होता. त्यांचेही बरोबर होते. माल कमी भरला की ठपका त्यांच्यावरच यायचा. ज्याने तोंड उघडायचे तो आधी स्वतःच अडकायचा.

मग एके दिवशी दुपारी ठाण्याच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढून ठेवली होती. सायवनकडच्या पाड्यावरचा, टँकर चालवून केस पिकलेला. पंचनाम्याच्या दिवशी खिडकीबाहेर हात पुढे करून उभा होता तो हाच.

“साहेब, त्या ताईचं काय झालं?” त्याने विचारले.

“चौकशी चालू आहे.”

“तिनं नाय केलं.”

“तुला कसं माहीत?”

तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मी शिपायाला पाणी आणायला सांगितले आणि दार लोटून घेतले. अशा वेळी प्रश्न विचारू नये. माणूस आतून स्वतःशी भांडत असतो, मध्ये पडलो की भांडण मोडते.

“कारण आमी केलं,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे आमच्या गाडीतून केलं. यार्डात गाडी लागली की शेठची माणसं सील तोडायची. पाइप टाकून तेल काढायची. मग नवं सील. ते नवं सील सुपरवायझर द्यायचा. त्याचाच नंबर मग पेपरवर चढायचा. आमी नाय बोललो तर गाडीला लोडिंग नाय. दोनदोन दिवस लायनीत सडायचं. एकदा हो बोललो, मग कायमचंच झालं.”

“आणि ताई आल्यावर?”

“ताई आल्यावर पेपर हातात आणि गाडी हायवेवर. यार्डात जायलाच नको. शेठ बोलला, गाडी थांबव. मी सांगायचो, पेपर झालंय, थांबलो तर कंपनी विचारील. कारण मिळालं साहेब, नाय बोलायला. इतकी वर्सं नाय बोलायला कारणच नव्हतं.”

मी लिहायचे थांबवले. तपासात असे वाक्य क्वचित ऐकायला मिळते.

“आता का आलास? तूही यात अडकशील, हे माहीत आहे ना?”

“माझी पोरगी कोसबाडला शेतकीचं शिकते,” तो म्हणाला. “शिकून उद्या कुठंतरी अशीच टेबलावर बसेल. नीट काम करील. तिच्या कप्प्यात कुणी असं काय टाकलं, आणि बाहेर उभा असलेला ड्रायव्हर गप बसला, तर? त्या दिवशी मी गप बसलो. तिनं मला बघून माझ्या गेटपासचं विचारलं, आणि मी गप. जेवण जात नाय साहेब.”

त्याला मी काही खोटे सांगितले नाही. गुन्ह्यात तुझा भाग कबूल करावा लागेल, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होईल, नोकरी जाईल, माफी मिळेल की नाही ते कोर्ट ठरवील. त्याने मान हलवली. मग म्हणाला, “जबाबानं काय होणार? शेठ बोलेल ड्रायव्हर खोटा. तुमी डोळ्यांनी बघा. मी गाडी लावतो यार्डात.”

मॅनेजरला विश्वासात घेऊन सापळा ठरला. सुपरवायझर पलीकडे खिडकीवर असताना मॅनेजरने आमच्या समोर टँकरच्या सीलवर बारीक खूण केली. काट्यावर वजन झाले. मग गाडी नेहमीप्रमाणे कागदाची वाट पाहत यार्डात गेली. आम्ही समोरच्या विटांच्या ट्रकमागे पंचांसह साध्या कपड्यांत थांबलो. दुपारची उन्हे कलती झाली होती. रस्त्यावर गवताच्या मोळ्या घेऊन बायका चालल्या होत्या. पंचांपैकी एक शाळामास्तर होते, ते पुनःपुन्हा विचारत, “साहेब, त्यानं ऐनवेळी पाय काढला तर?” मी त्यांना धीर देत होतो, पण तोच प्रश्न मलाही पडला होता.

आत काय झाले ते त्याने नंतर सांगितले. शेठला संशय आला होता. इतके महिने टाळाटाळ करणारा माणूस आज आपणहून कसा आला? तो जवळ येऊन म्हणाला, “आजे गाडी केम लाव्यो? पेपरवाली तर गेली, आता आठवण झाली?”  ड्रायव्हर चिडूनच बोलला, “मग काय करू? पेपर नाय, लोडिंग नाय, तुमीच मालक. घ्या काय घ्यायचं ते, मला संध्याकाळी घरी सोडा.” ती चीड खोटी नव्हती. म्हणून शेठला पटली.

ड्रायव्हरने गळ्यातला रुमाल काढून आरशाला बांधला. ती खूण होती. आम्ही आत शिरलो तेव्हा पाइप टँकरच्या तोंडात होता, तेल जमिनीखालच्या टाकीत पडत होते, आणि मॅनेजरने खूण केलेले सील तुटून मातीत पडले होते. शेजारच्या खाटेवर कोरी सीले. शेठ पळाला नाही. त्याने पहिला फोन लावला तो सुपरवायझरला. फोन माझ्यासमोरच लागला होता. “आवी गया छे,” म्हणजे आले आहेत, एवढेच तो म्हणाला. मी फोन हातातून घेतला.

सुपरवायझरला ठाण्यात आणले तेव्हा तो शांत होता. यार्डाशी आपला संबंध नाही, शेठ ओळखीचा आहे, फोन कोणीही करतो, असे म्हणत राहिला. मी आवाज चढवला नाही. चहा दिला आणि विचारले, “तो कप्पा कसा उघडतो हो?”

“कुठला?”

“ताईच्या टेबलाचा. आमचा शिपाई ओढून दमला. तुम्ही एका हाताने उघडलात.”

“तो जरा उचलून ओढावा लागतो. ते टेबल आधी माझंच होतं ना, खिडकीवर मीच बसायचो.”

“अच्छा. मग ताईला का नाही सांगितलंत? बिचारी इतके महिने जाम समजून बसली. तुम्ही रोज तिच्या मागे उभे. नवीन मुलगी, दोन कप्प्यांत सगळं कोंबते. एकदा तरी सांगायचं, पोरी, उचलून ओढ.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. उत्तर सोपे होते. विसरलो म्हटले असते तरी चालले असते. पण माणसाकडे खोटे तयार नसलेल्या जागी प्रश्न पोहोचला की तो थांबतो. तो थांबला. मी खाटेवर मिळालेली सीले त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी कप्प्यातली. नंबर सलग होते, दोन्ही एकाच खोक्यातली.

मग तो बोलला. सुरुवात कशी झाली, शेठ घरी सणाला मिठाई कसा आणू लागला, एकदा कागदांना उशीर झाला तेव्हा शेठने गाडी ‘सांभाळली’ आणि पुढे उशीर मुद्दाम होऊ लागला. ठाण्यात आलेला तो निनावी फोन त्यानेच केला होता. सीलेही त्यानेच ठेवली होती. “मुलीचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं साहेब. फक्त ती खिडकीवरून उठावी एवढंच.”

मी म्हटले, “तिची आई बाजारात बसते. तिथे जाऊन हे वाक्य बोलून बघा.”

त्यानंतर जे झाले ते मी माझ्या नोकरीत पुन्हा पाहिले नाही. सायवनच्या ड्रायव्हरने जबाब दिल्याची बातमी हायवेवर पसरली. दुसऱ्या सकाळी ठाण्यासमोर टँकर उभे राहिले. एकामागे एक. ड्रायव्हर खाली उतरले, फाटकात घुटमळले आणि आत आले. कोणी मराठीत सांगितले, कोणी हिंदीत, एकाला फक्त भोजपुरी येत होती. आमचे लेखनिक हवालदार हात मोडेपर्यंत जबाब लिहीत होते. पोलीस ठाण्यात न बोलावता येणारा ड्रायव्हर म्हणजे मोठी गोष्ट. इथे तर बाक पुरेनात.

आणि मी डहाणूला गेलो. गणवेशात, भर बाजाराच्या वेळी. मावशीच्या टोपलीसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “मावशी, तुमच्या मुलीने चोरी केली नाही. तिने चोरी बंद पाडली. खरे चोर पकडले आहेत.” मासळीबाजार गप्प झालेला मी त्या एकाच दिवशी पाहिला. मावशीने डोळे पुसले नाहीत. शेजारणीकडे वळून म्हणाली, “ऐकलंस ना? आता सांग सगळ्यांना. वाईट सांगताना लय धावलीस.” मग मला म्हणाली, “साहेब, पापलेट घेऊन जा.” मी नको म्हटले. तिला ते आवडले नाही, पण पोलिसाला मासा नाकारावा लागतो.

ताई कामावर परत गेली. मॅनेजरने तिला डिस्पॅचचे सगळे काम सोपवले. शेठ आणि सुपरवायझरवर दोषारोपपत्र गेले आणि पुढे शिक्षाही झाली. ड्रायव्हरला कोर्टाने माफीचा साक्षीदार केले. डेपोतली नोकरी गेली ती गेलीच. काही महिने त्याचे हाल झाले, हे लपवत नाही. पण ज्यांनी जबाब दिले होते त्यांनीच त्याला दुधाच्या टँकरवर लावून दिले. त्याची मुलगी शिकून आता शेतकऱ्यांना चिकूच्या रोगांवर सल्ला देते. यार्डाच्या जागेवर दुसऱ्याने चिकू भरण्याची शेड टाकली आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी कधी विचारतात. चोरीला अंधार लागतो असे आपण म्हणतो. मला या प्रकरणात दिसले की तिला उशीर लागतो. ज्या टेबलावर कागद विनाकारण थांबतो, त्या टेबलाच्या आजूबाजूला कोणीतरी खुर्ची टाकून बसलेला असतो. हे कळल्यावर मी आमच्या ठाण्यातही पाहिले. अपघातात माणूस गेलेल्या घरच्यांना पंचनाम्याच्या प्रतीसाठी किती हेलपाटे पडतात आणि त्या हेलपाट्यांच्या वाटेवर कोण कोण उभे असतात, ते विचारून घेतले. प्रत त्याच दिवशी द्यायची असा दंडक घातला. बाहेरच्या दोन दलालांनी आपणहून जागा सोडली. भाषणे करून ते गेले नसते. दुसरे शिकलो ते ड्रायव्हरकडून. बहुतेक माणसांना वाईट वागायचे नसते, त्यांना नाही म्हणायला एक कारण हवे असते. ते कारण कधी कायदा देतो, कधी वेळेवर काम करणारी एखादी मुलगी.

मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो होतो. डेपोशी उतरलो आणि खिडकीकडे गेलो. ताई आता आतल्या केबिनमध्ये बसते, खिडकीवर नवी मुलगी आहे. ताईने काचेतून पाहिले, हात जोडले आणि बाहेर येऊ लागली. मी खिडकीपाशी, अर्धा गाड्यांच्या रस्त्यातच, वाट पाहत उभा राहिलो. मागून हॉर्न वाजला. टँकरमधून एक तरुण ड्रायव्हर डोके बाहेर काढून ओरडला, “ओ काका, बाजूला व्हा जरा! माझे पेपर झालेत!”

मी बाजूला झालो. टँकर माझ्यासमोरून फाटकाबाहेर पडला आणि न थांबता हायवेला लागला.